रिकाम्या धरणाची किंमत

खानदेशातून सुरतेला आलेल्या आपल्या माणसांना तापी काही परकी नाही. मुलताईला उगम पावून भुसावळवरून येते तीच ही. वाटेत उकाईचे धरण. ते १९७२ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली महाराष्ट्रातलीही गावे गेली.

धरणाला दोन कामे सांगितली : पाणी साठव आणि पूर अडव. पण साठवायचे तर जलाशय भरलेला हवा, अडवायचे तर रिकामा! ऑगस्ट २००६ मध्ये बऱ्याच भरलेल्या जलाशयात वरून लोंढा आला, नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. मग दोषी शोधणे आलेच. पण आधीच पाणी सोडले असते आणि पुढे पाऊसच आला नसता तर? वाचलेले शहर कोणाला दिसत नाही, वाळलेला ऊस मात्र दिसतो. अधिकाऱ्याचा हात दरवाजावर अडखळतो तो इथेच.

पुरासाठी राखलेल्या जागेपायी एखाद्या कोरड्या वर्षी बारडोलीच्या शेतकऱ्याचे पाणी गेले, तर भरपाई सुरतेने द्यावी काय? मला वाटते, द्यावी. आणि ती पूर येण्याआधी कबूल करावी.