झाकण उघडू नका

अमरावतीहून अकोल्याकडे निघालो होतो. मान्याच्या अलीकडे काटा लाल रेघेवर गेला, बॉनेटमधून वाफ निघाली, तशी गाडी डावीकडे घेतली. मे महिना, दुपारचे दोन. तुम्ही माझ्या शेजारच्या सीटवर आहात असं समजा.

उतरा. बॉनेट वर करा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली आहे. म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळलेलं नाही. झाकण फिरवलंत की दाब सुटेल आणि ते उसळून थेट तोंडावर येईल. निवायला वेळ लागतो, आणि तो कोणालाच कमी करता येत नाही.

धाब्यापुढच्या लिंबाखाली बाज आहे. "बसा ना भाऊ, मिस्तरी निंघाला मूर्तिजापूरहून." निंघाला म्हणजे अजून जेवतोय, हे वऱ्हाडात वेगळं सांगावं लागत नाही. बसा. चपला काढा, पाय वर घ्या. सुतळीची वीण मांड्यांना टोचेल, टोचू द्या. श्वास मोजायला मी सांगणार नाही. गाडीकडे कान द्या. तापलेलं लोखंड आकसताना टिकटिक करतं. दोन टिकटिकींमधलं अंतर हळूहळू वाढतंय का, एवढंच ऐका. मध्ये ट्रक जाईल, आवाज हरवेल. पुन्हा सापडेल.

आता रस्त्याकडे पाहा. 3 जून 2022 ला सकाळी 7:27 ला लोणी ते माना या पट्ट्यात डांबरीकरण सुरू झालं, आणि 7 जूनच्या संध्याकाळी पाचला 75 किलोमीटरची एक लेन तयार होती. 105 तास 33 मिनिटं. गिनीज बुकात नोंद झाली. त्याच रस्त्याच्या कडेला आपण एका फाटक्या होस पाइपापायी बसलोय. मला हसू आलं. तुम्हाला राग आला तरी हरकत नाही, तोही निवेल.

नजर रस्त्यापलीकडे न्या. रिकामं वावर. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते. भेगेत अख्खा हात जाईल. एका भेगेवर नजर ठेवा, ती जिथवर जाते तिथवर जा.

याच मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी डेबूजी वाढला. पुढे गाडगेबाबा झाल्यावर त्यानं पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी मात्र एक खोलीही नाही. 20 डिसेंबर 1956 ला बाबा गेले तेही अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, पेढी नदीपाशी. वाटेत अडकलेल्या माणसाला काय लागतं, ते त्यांना ठाऊक होतं: सावली, पाणी, आणि 'कुठले, कोण' न विचारणारा माणूस.

धाब्यावरचं पोरगं बोअरच्या पाण्याची बादली आणतं. आतून म्हातारा ओरडतो, "थे नोको टाकू, खारं हाय!" पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी ते, त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. माठातलं गोडं पाणी मागा. पैसे घेणार नाहीत, चहा मात्र दोनदा घ्या.

टिकटिक थांबली? होस बदलायला मिस्तरी येईलच. तोवर जाड फडकं घ्या, तोंड बाजूला ठेवा आणि झाकण अर्धा आटा फिरवा. फुस्स झालं, तर परत घट्ट करा आणि बाजेवर येऊन बसा.