व्हॅम्पायर एकटा कधी झाला?

सन १७२५. सर्बियातलं किसिलेवो हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होतं. तिथला पेटर ब्लागोयेविच नावाचा माणूस वारला आणि त्यानंतर आठ दिवसांत गावातली नऊ माणसं दगावली. पेटर रात्री येऊन आमचा गळा आवळतो, असं त्यांनी मरण्यापूर्वी सांगितल्याचं गावकऱ्यांचं म्हणणं. फ्रोमबाल्ड नावाच्या सरकारी अंमलदाराला नाइलाजाने हजर राहावं लागलं. त्याच्यासमोर कबर उकरली, प्रेत ताजं दिसलं, छातीत खुंटा ठोकला आणि ते जाळून टाकलं. त्याच वर्षी जुलैत ही हकिकत व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आली.

या हकिकतीतला एक तपशील मात्र भीतीच्या जातकुळीतला नाही. पेटरच्या बायकोने सांगितलं, की नवरा मेल्यानंतर घरी आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या. ती बाई गाव सोडून निघून गेली.

यात एकाकी काही नाही. मेलेला माणूस स्वतःच्या घरी, स्वतःच्या बायकोकडे, स्वतःचीच वस्तू मागायला आलाय. लोककथांतले व्हॅम्पायर बहुतेक असेच असतात. आधी घरच्यांना धरतात, मग भावकीला, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना. गावाची तक्रार हीच असते, की हा जायला तयार नाही. आपल्याकडची भुतं तरी काय वेगळी? मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा. इस्टेटीत जीव अडकला तो समंध. वेताळ तर पालखी आणि लवाजम्यासह फिरतो, आणि गोव्यात काही गावांत तो चक्क ग्रामदेव आहे. या मंडळींना राहायला जागा असते, ठरलेला नैवेद्य असतो, सीमा असते. अपुऱ्या राहिलेल्या नात्यानेच त्यांची ओळख ठरते. एकलकोंडं भूत ही कल्पना गावाला सुचणारी नव्हे, त्यासाठी शहर लागतं आणि छापखाना लागतो.

१७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य व्हान स्वीटेन याच्या अहवालावरून कबरी उकरण्याच्या या प्रकारांवर बंदी घातली. सरकारदरबारी व्हॅम्पायर निकालात निघाला. साहित्यिकांनी त्याला मुख्यतः उचललं ते त्यानंतर, आणि उचलताना त्याचं गाव काढून घेतलं.

हे एका फटक्यात झालं नाही. बायरनच्या १८१३ सालच्या ‘द जावर’ या दीर्घकाव्यात एक शाप आहे. व्हॅम्पायर होऊन तू आपल्याच बायकोचं, बहिणीचं, मुलीचं रक्त पिशील, आणि तेही मनाविरुद्ध. इथे कुटुंब अजून शाबूत आहे, पण ‘मनाविरुद्ध’ हे नवीन आहे. किसिलेवोच्या पेटरला मन होतं की नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. तीन वर्षांनी, १८१६च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी बायरनबरोबर त्याचा वीस वर्षांचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी होता. भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली, त्यातून मेरी शेलीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ जन्मला, ही कहाणी सर्वांना ठाऊक आहे. बायरनने अर्धवट टाकून दिलेल्या गोष्टीच्या धाग्यावरून पॉलिडोरीने ‘द व्हॅम्पायर’ लिहिली. १८१९मध्ये ती छापली गेली ती बायरनच्या नावावर. दोन वर्षांनी पॉलिडोरी वारला, वय पंचवीस.

त्याचा लॉर्ड रुथवेन हा लंडनच्या मेजवान्यांत वावरणारा, थंड नजरेचा उमराव. त्याला ना गाव, ना गोत. तो गर्दीत एकटा आहे, पण त्याला त्याची खंत नाही. त्या कथेत खरा एकटा पडतो तो ऑब्री, रुथवेनच्या मागे हिंडणारा अनाथ तरुण. रुथवेन त्याच्याकडून शपथ घेतो, की वर्ष आणि एक दिवस माझ्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पुढे ऑब्रीच्या बहिणीचं लग्न त्याच रुथवेनशी ठरतं आणि सगळं ठाऊक असलेल्या भावाला लोक वेडा समजून खोलीत ठेवतात. एका लहरी, प्रसिद्ध माणसाच्या पदरी राहिलेल्या तरुणाने ही कथा लिहिली, हे विसरून ती वाचता येत नाही. व्हॅम्पायर माणसाला चावण्याआधी त्याला इतरांपासून तोडतो, ही समज तिथून सुरू झाली.

आयरिश लेखक शेरिडन ल फानूने त्याच्याही मागे जाऊन पाहिलं. चावलं जाणारं माणूस आधीच तुटलेलं असेल तर? बायको गेल्यावर स्वतः ल फानू डब्लिनमध्ये इतका घरकोंडा झाला होता, की लोक त्याला अदृश्य राजपुत्र म्हणत. त्याची ‘कार्मिला’ १८७२ साली पुस्तकात आली. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात, जंगलातल्या एका गढीत लॉरा नावाची मुलगी वडिलांबरोबर राहते. आई नाही. ओळखीचं सर्वांत जवळचं कुटुंब वीसेक मैलांवर. तिकडून तिच्या वयाची एक मुलगी राहायला येणार म्हणून ती दिवस मोजत असते आणि ती मुलगी मेल्याचं पत्र येतं. त्याच संध्याकाळी गढीसमोर एक बग्गी उलटते आणि कार्मिला पाहुणी म्हणून घरात येते.

ल फानूने हा क्रम मुद्दाम लावलाय. मैत्रीण येणार नाही हे कळतं आणि लगेच मैत्रीण येते. व्हॅम्पायर बोलावल्याशिवाय घरात येत नाही, या पुढे रुजलेल्या नियमाचं कारण इथे दिसतं. लॉरा तोंडाने काही बोलावत नाही, पण ते घर किती वर्षं कुणाची तरी वाट पाहत बसलेलं असतं! कार्मिलाही नुसती शिकारी नाही. तिला लॉरा हवी आहे, आणि हवं असणं व खाऊन टाकणं यांत तिला फरक करता येत नाही. व्हॅम्पायरच्या एकटेपणाचं मूळ मला इथे वाटतं. अमरत्वाचा वगैरे भाग नंतरचा. ज्याच्याजवळ जावं तो संपतो, ही त्याची खरी अडचण. अखेरीस कार्मिलाचा रीतसर शिरच्छेद होतो, घर सुरक्षित होतं, आणि तरीही कित्येक वर्षांनंतर दिवाणखान्याच्या दाराशी तिची पावलं वाजल्याचा भास लॉराला होतो. त्या भासात भीती किती आणि आस किती, हे ल फानू सांगत नाही.

मग १८९७मध्ये ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ आला. ही कादंबरी म्हणजे रोजनिशा, पत्रं, तारा, कात्रणं यांचं बाड आहे. प्रत्येकाला बोलायला मिळतं. वकील, त्याची होणारी बायको, डॉक्टर, जहाजाचा कप्तान, सगळे आपापलं लिहितात. एकट्या ड्रॅक्युलाची रोजनिशी त्यात नाही. त्याच्याबद्दल जे कळतं ते फटीतून. आणि तेही अक्षरशः. ड्रॅक्युलाच्या गढीत आलेल्या जोनाथन हार्कर या वकिलाला नोकरचाकर कुठेच दिसत नाहीत. एकदा तो सरदार ड्रॅक्युलालाच पाहुण्याचं अंथरूण घालताना पाहतो आणि मग दाराच्या बिजागरीच्या फटीतून जेवणाचं टेबल मांडताना. म्हणजे घाटात घ्यायला आलेला गाडीवानही हाच होता, हे त्याच्या ध्यानात येतं. हार्कर हादरतो, कारण या घरात आपण दोघंच आहोत हे त्याला उमगतं. पण शतकानुशतकांचा हा सरदार, ज्याच्या पूर्वजांनी तुर्कांशी लढाया केल्या, तो चादरीच्या सुरकुत्या काढतोय, ताटं मांडतोय, आणि आपल्याकडे माणसं आहेत असं भासवतोय. समोर बसून जेवत मात्र नाही, माझं झालंय म्हणतो. पाहुण्याला कळू नये म्हणून केलेला हा आटापिटा मला त्याच्या सुळ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिला.

त्याच्या ग्रंथसंग्रहात इंग्लंडची रेल्वे वेळापत्रकं आहेत, लंडनची डिरेक्टरी आहे. आपले उच्चार ऐकून कुणी परका म्हणून ओळखू नये, यासाठी तो हार्करशी बोलून बोलून इंग्रजीचा सराव करतो. त्याला रक्त पाहिजे हे खरंच, पण त्याला गर्दीत मिसळूनही जायचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व युरोपातून लंडनला माणसं येत होती आणि इंग्रज वाचकाला त्यांचा धसका होता. स्टोकरने तो धसका पुरेपूर वापरला. ड्रॅक्युलाची बाजू ऐकायची गरज कुणालाच वाटली नाही, लेखकालाही नाही.

ती ऐकली गेली आणखी जवळजवळ ऐंशी वर्षांनी. त्याआधी अमेरिकेत रिचर्ड मॅथिसनने सगळा डावच उलटवला. १९५४च्या ‘आय ॲम लेजेंड’मध्ये साथीने सगळं जग व्हॅम्पायर झालंय आणि लॉस एंजलिसमध्ये रॉबर्ट नेव्हिल हा एकच माणूस उरलाय. तो दिवसा फळ्या ठोकतो, लसूण ओवतो, झोपलेल्या व्हॅम्पायरांना शोधून मारतो आणि रात्री दारू पितो. बाहेर बेन कोर्टमन त्याच्या नावाने हाका मारत राहतो. हा कोर्टमन म्हणजे एकेकाळी त्याच्याबरोबर एकाच गाडीतून कामावर जाणारा शेजारी! एके दिवशी एक भटका कुत्रा दिसतो. दूध ठेव, मांस ठेव, लांब बस, असं करत नेव्हिल त्याला माणसाळवतो. कुत्रा घरात येतो, आणि आठवड्याभरात मरतो. विसाव्या शतकात एकटेपणावर जे लिहिलं गेलं त्यात हे प्रकरण वरच्या रांगेत बसवायला हवं. भयकथेच्या कप्प्यात पडल्यामुळे समीक्षकांनी ते तिथे शोधलंच नाही.

पुढे निराळाच समाज उभा राहतो, रोग अंगात असूनही जगायला शिकलेल्यांचा. त्यांच्या लेखी नेव्हिल हा दिवसाढवळ्या येऊन झोपेत मारणारा राक्षस आहे. त्यांची माणसं कोर्टमनला गोळ्या घालतात तेव्हा नेव्हिलला वाईट वाटतं. रोज रात्री हाक मारणारा तेवढा एकच होता.

ॲन राइसची ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ १९७६ची. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका खोलीत टेपरेकॉर्डर सुरू होतो आणि लुई हा व्हॅम्पायर बोलू लागतो, पुस्तकभर. राइसची पाच वर्षांची मुलगी १९७२मध्ये ल्युकेमियाने गेली होती. कादंबरीत क्लॉडिया नावाची पाच वर्षांची मुलगी आहे. तिला मरणातून ओढून काढून व्हॅम्पायर करतात. मन बाईचं होतं, देह बाहुलीचाच राहतो. राइसच्या पुस्तकातलं खरं दुःख तिच्यात आहे. लुईचं रडगाणं मला फार वेळ ऐकवत नाही. आपल्या एकटेपणावर इतकं सुरेख बोलता येणाऱ्या माणसाला श्रोते मिळत राहतात. राइसला मात्र हे कळलेलं असावं, कारण सगळं ऐकून झाल्यावर तो मुलाखत घेणारा पोरगा म्हणतो, मलाही व्हॅम्पायर करा. लुई संतापतो. पोराला सांगण्यातलं काहीच कळलेलं नसतं, कळलेली असते ती फक्त ऐट. पुढची तीस वर्षं वाचकांनी त्या पोराचीच री ओढली. ‘ट्वायलाइट’पर्यंत येईतो एकटेपण हे देखण्या नायकाचं प्रसाधन होऊन बसलं. त्यावरचा उतारा न्यूझीलंडमधून आला. ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ या २०१४च्या सिनेमात वेलिंग्टनच्या एका घरात भाडेकरूंसारखे राहणारे व्हॅम्पायर भांडतात, कारण एकाने पाच वर्षांत भांडी घासलेली नसतात.

राइसच्याच काळात स्टीव्हन किंगने ‘सेलम्स लॉट’मध्ये (१९७५) अख्खं गावच पोखरलं. गाव संपतं कारण शेजारच्या घरात काय चाललंय हे कुणी विचारत नाही. मराठी वाचकाला ही गोष्ट नारायण धारपांच्या ‘लुचाई’ या रूपांतरामुळे परिचयाची आहे. खिडकीच्या काचेवर नख घासत आत घे म्हणणारं पोर तिथे भेटलं, की नंतर मूळ इंग्रजी वाचतानाही धारपांचंच गाव डोळ्यांपुढे येतं.

स्वीडनच्या युन अइविदे लिंडक्विस्टची २००४ची कादंबरी आणि २००८चा ‘लेट द राइट वन इन’ हा सिनेमा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोमच्या ब्लाकेबेरी या उपनगरात घडतात. आखून बांधलेल्या इमारती, बर्फ, प्रत्येक फ्लॅटची बंद दारं. शाळेत मार खाणारा बारा वर्षांचा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली भिंतीवर टकटक करून मोर्स लिपीत बोलतात. एकदा एली दाराशी येऊन मला आत ये म्हण, असं सांगते. न म्हटलं तर काय होतं, असं ऑस्कर विचारतो. एली न बोलावता आत पाऊल टाकते आणि तिच्या अंगातून, डोळ्यांतून रक्त फुटू लागतं. ऑस्कर घाबरून ओरडतो, ये, ये आत! तोवर बोलावण्याचा नियम घरातल्यांच्या बचावासाठी होता. इथे पहिल्यांदा दिसलं, की न बोलावल्याची शिक्षा दाराबाहेरच्यालाही होते.

पण एलीबरोबर होकान नावाचा एक पोक्त माणूस असतो. तो तिच्यासाठी खून करतो, पकडला जातो आणि स्वतःचा चेहरा ॲसिडने जाळून घेतो. कारण चेहऱ्यावरून माग लागला तर पोलीस तिच्यापर्यंत पोचतील. सिनेमाच्या अखेरीस ऑस्कर एलीला खोक्यात घालून आगगाडीने निघतो, तेव्हा अनेकांच्या मनात आलं, की हा उद्याचा होकान. लिंडक्विस्टला हा अर्थ रुचला नाही. त्याने पुढे एक कथा लिहून दोघांना वेगळा शेवट दिला. मला त्या कथेने समाधान झालं नाही. दोन एकटे भेटले म्हणजे एकटेपण मिटलं, हे लेखकाने प्रेमापोटी मानून घेतलंय. त्यांच्या भुकेचा भार कुणी उचलायचा, हा प्रश्न त्या खोक्यात तसाच आहे.

रायन कूगलरच्या ‘सिनर्स’ने २०२५मध्ये त्या भुकेलाच सामुदायिक करून टाकलं. मिसिसिपी, १९३२. काळ्या मजुरांच्या नाचगाण्याच्या अड्ड्याबाहेर रेमिक हा आयरिश व्हॅम्पायर उभा आहे, आत घ्या म्हणतो. त्याच्याकडे घराणं नाही, गढी नाही, पण कळप आहे. ज्याला तो चावतो त्याच्या आठवणी सगळ्या कळपाच्या होतात, सगळे एका सुरात गातात. गोऱ्यांच्या राज्यात तुम्हाला जागा नाही, माझ्यात आहे, असं तो सांगतो, आणि त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. त्याला आत बसलेल्या सॅमी या गायकाचं गाणं हवंय, कारण त्या गाण्याने हरवलेले पूर्वज भेटतात. कित्येक शतकं गोतावळ्याला मुकलेला हा गडी आता दुसऱ्याच्या गोतावळ्यावर डोळा ठेवून आहे. कळपात सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं, त्यामुळे कुणाला कुणाला काही सांगावं लागत नाही. लुईसारखं रात्रभर बोलत बसायची तिथे सोयच नाही. पुढे साठ वर्षांनी म्हाताऱ्या सॅमीला अमर होण्याचं निमंत्रण मिळतं तेव्हा तो नको म्हणतो. तो तेव्हाही क्लबात गिटार वाजवत असतो, आणि ऐकायला समोर अनोळखी माणसं बसलेली असतात.