मृतांचे स्मरण व मेक्सिको देशातील वेद्या

मृताच्या नावाने ताट वाढावे की नाही, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांस नवा नाही. ज्यांचे वडीलधारे जुन्या मतात आहेत त्यांस तो दर भाद्रपदात पडतो. मेक्सिको देशात तोच प्रश्न निराळ्या रूपाने दिसतो.

तेथे नोव्हेंबरच्या १ व २ तारखांस घरोघरी वेदी मांडितात. पहिला दिवस बहुधा वारलेल्या बालकांचा, दुसरा मोठ्यांचा. मेजावर तसबिरी, मेणबत्त्या, मीठ, आणि दुरून येणाऱ्याची तहान भागावी म्हणून पेलाभर पाणी ठेवितात. मृताच्या आवडीचे पदार्थ असतात, वर हाडांच्या आकाराची नक्षी असलेला गोड पावही असतो. कोपाल नावाच्या राळेचा धूप जाळून दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालितात. (आपल्याकडे दसऱ्यास तोरणात असतो तोच हा झेंडू, त्याचे मूळ घर मेक्सिको होय.) पात्सक्वारो सरोवरातील हानित्सिओ बेटावर तर लोक कबरस्तानातच दिवे लावून रात्र काढितात. २००८ साली युनेस्कोने या चालीची नोंद मानवजातीच्या वारशात केली.

तेथील पुष्कळ प्रॉटेस्टंट कुटुंबे वेदी मांडीत नाहीत. मृत येऊन जेवतो, हे आम्हांसही मान्य नाही. तथापि ते अन्न पुढे घरचे व शेजारीच खातात, आणि लेकरू तसबिरीकडे बोट दाखवून "ही कोण?" असे विचारिते तेव्हा आजी सांगू लागते. मुलांनी विचारावे म्हणूनच यहोशवाने यार्देनेतील बारा धोंडे उभे केले होते. तेव्हा स्मरणाच्या खुणेस दोष देण्यास आम्ही धजत नाही.

पण प्रिय वाचकहो, त्या देशात याहून कठीण प्रश्न उभा राहिला आहे. २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री इग्वाला शहरातून आयोत्सिनापा येथील अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी बळजबरीने नाहीसे करण्यात आले. २०२१ पर्यंत त्यांपैकी तिघांच्याच अवशेषांची ओळख पटली. सरकारी नोंदीप्रमाणे त्या देशात बेपत्ता माणसांची संख्या १,००,००० हून अधिक आहे. वेदीवर स्थान मृतांस. मग ज्याचा पत्ता नाही त्याची तसबीर आईने कोठे ठेवावी? ठेविली तर तो मेला असे तिने स्वतःच्या हाताने कबूल केले. न ठेविली तर सर्वांचे स्मरण होते त्या दिवशी तिच्याच मुलाची जागा रिकामी. कित्येक आया ती ठेवण्याचे साफ नाकारितात.

"आता मनाची समजूत घाल, तसबीर ठेव," असे शेजारीण कळवळ्यानेच म्हणत असेल. तरी तो अधिकार तिला नाही, असे आमचे मत आहे. कोणी दावीद राजाचा दाखला देईल, की मूल आजारी असता त्याने उपास केला व ते मेल्यावर उठून अन्न खाल्ले. खरे, पण आपले मूल मेले हे दाविदास कळले होते. या आयांस ते कोणी सांगितलेले नाही. म्हणून त्या टोळ्या करून फावडी व लोखंडी सळ्या घेऊन माळरानात जातात, सळई जमिनीत ठोकितात, बाहेर काढून तिचे टोक हुंगितात, आणि पुढच्या जागेकडे वळतात. मुलाची तसबीर त्यांच्या अंगरख्यावर छापलेली असते.