मापनातील प्रमाद आणि हिंसा

माणसाने स्वेच्छेने पत्करलेली इजा आणि मुक्या जिवावर लादलेली इजा यांना हिंसेचे एकच माप लावता येते काय, हा प्रश्न पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या संदर्भात विचारण्यास विशेष कारण आहे. या दोन गावांमधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो आणि तो काढून चंडीमातेला वाहण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा मारा चालतो. या गोटमारीत डोकी फुटतात, जीवही गेलेले आहेत, आणि प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुढे करून पाहिले तरी प्रथा थांबलेली नाही. आदल्या दिवशी बैल पूजला जातो आणि लगोलग चतुर्थीला मूषकवाहन गणपती घरी येतो. फुटलेल्या डोक्याच्या आत रक्तपुरवठ्याचे काय होते, याविषयीच्या ज्ञानाचा मोठा भाग मात्र खऱ्याखुऱ्या उंदरांच्या मेंदूंवरून मिळालेला आहे. (मूषकाला मान आहे, पण तो मूर्तीपुरता.)

पूर्वी हा रक्तप्रवाह मोजण्यासाठी किरणोत्सारी द्रव्य टोचून, प्राण्याला मारून, मेंदूचे काप तपासावे लागत. १९९२ साली जॉन डेट्रे, अ‍ॅलन कोरेट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरावरच दाखवलेल्या चुंबकीय अनुनाद पद्धतीत रक्तातील पाणीच खुणेचे काम करते: मानेतील धमन्यांतून वर चढणाऱ्या रक्तातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे चुंबकन रेडिओलहरींनी उलटे केले जाते, हे रक्त मेंदूत पोहोचल्यावर चित्र घेतले जाते आणि खूण न केलेल्या चित्रातून ते वजा केले जाते. खूण काही सेकंदांतच विरते आणि दोन चित्रांतील फरक जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असल्याने, सुमारे दोन ग्रॅम वजनाच्या त्या मेंदूची चित्रे पुनःपुन्हा घ्यावी लागतात. प्राणी जिवंत राहतो, त्यामुळे डोक्याला मुद्दाम मार दिल्यानंतर जखमेच्या जागी प्रवाह कसा घटतो आणि पुढे कितपत सावरतो, हे एकाच प्राण्यात अनेक दिवस पाहता येते.

खरी अडचण भुलीची आहे. प्राणी हलू नये आणि त्याला भीती वा वेदना होऊ नये म्हणून आयसोफ्लुरेन हा वायू हुंगवतात. पण तो रक्तवाहिन्या रुंदावतो आणि मोजायचा तो प्रवाहच वाढवतो. श्वास मंदावून रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला, तरी आकडा वर जातो. भूल न देता मोजायचे, तर प्राण्याला आवळून बांधण्याची आणि यंत्राच्या ठोक्यांची आधी सवय लावावी लागते, आणि घाबरलेल्या प्राण्याचा आकडा हा भीतीचाही आकडा असतो. दया आणि अचूकता येथे परस्परांच्या आड येतात.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात प्रमादामुळे, म्हणजे बेसावध आणि विकारवश वृत्तीमुळे, झालेल्या प्राणहरणाला हिंसा म्हटले आहे. जैन विचारात उंदीर हा मन असलेला पंचेंद्रिय जीव आहे. ही व्याख्या प्रयोगशाळेला लावली, तर अनपेक्षित निष्कर्ष निघतो: ज्याने रक्तातील वायू तपासले नाहीत, प्राण्याचे तापमान राखले नाही आणि निरुपयोगी आकडा मिळवला, त्याची चूक केवळ तांत्रिक उरत नाही, कारण त्या जिवाने सोसले ते व्यर्थ गेले. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्राणिप्रयोगांसाठी मांडलेली पर्याय, संख्येत घट आणि पद्धतीत सौम्यता ही त्रिसूत्री याच दिशेने जाते; तीत पर्यायाला पहिले स्थान आहे, याचा विसर मात्र चटकन पडतो.

तरीही या व्याख्येचा भर करणाऱ्यावर आहे, सोसणाऱ्याच्या संमतीवर नाही. नदीपात्रात उतरणाऱ्याला घरी बसण्याची मुभा असते आणि गावाच्या मानापायी ती कितीही आकसली तरी पुरती नाहीशी होत नाही. पिंजऱ्यातील उंदराला ती मुळातच नसते. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रातील ससा पारध्यांपासून पळून चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येऊ शकला, कारण तो मोकळा होता. भारतीय नियमांनुसार प्राणिप्रयोगांना मंजुरी देणाऱ्या संस्थांतर्गत समितीत बाहेरचा, सरकारी यंत्रणेने नेमलेला सदस्य बसतो; उंदराच्या वतीने नकार देण्याचे काम त्याच्यावर येते, आणि भूल कोणती व प्राणी किती एवढेच विचारून तो थांबला, तर प्रयोग मुळात हवा काय हा प्रश्न प्रयोग करणाऱ्यांच्याच हाती राहतो.