फवारणीचा अंश आणि बागायतदाराचा शब्द

फवारलेले औषध फळावर किती दिवस राहावे, हा प्रश्न वरकरणी केवळ शेतीशास्त्राचा वाटतो. पेण व रोहा तालुक्यांतील आंब्याच्या बागांचा विचार करताना मात्र तो नीतीचाही प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

आंबा कापताच कोयीतून निघणारा काळपट भुंगेरा वाचकांच्या परिचयाचा असेल. त्याची मादी कोवळ्या फळाच्या सालीवर अंडी घालते. अळी गरातून वाट काढीत कोयीत शिरते, मागची जखम भरून येते आणि पिकलेले फळ बाहेरून निर्दोष दिसते. अळी एकदा आत गेली की वरच्या फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून संरक्षण हवे ते अंडी घालण्याच्या दिवसांत आणि सालीवरच. या किडीच्या भीतीने अमेरिकेने आपल्या आंब्याला अनेक वर्षे दार बंद ठेवले होते. विकिरण-प्रक्रिया केलेला आंबा स्वीकारून ते उघडले २००७ साली.

फवारणीनंतर सालीवर औषधाचा पातळ थर उरतो. ऊन, उष्णता व पाऊस यांनी तो झिजतो आणि फळ फुगते तसा विरळ होतो. ताजा असताना तो भुंगेऱ्याला मारतो. पुढे मारण्याइतके बळ त्यात राहत नाही, तरी काही औषधांचा जुना अंशही किड्याला फळ कुरतडण्यापासून वा अंडी घालण्यापासून परावृत्त करतो. अमेरिकेतील फळबागांत सोंडेकिड्यांवर झालेल्या अभ्यासांतून हे दिसून आले आहे. काही औषधे सालीत थोडी झिरपतात, त्यामुळे पाऊस त्यांना सहज धुऊन नेत नाही. सारांश, जे मागे उरते तेच राखण करते.

पण ज्या अंशाने भुंगेरा दूर राहतो, तोच अंश खाणाऱ्याच्या ताटातही येऊ शकतो. टिकाऊपणाला निव्वळ गुण मानण्याची किंमत जगाने मोजली आहे. डीडीटीचे कीटकनाशक गुण ओळखणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६२ साली रेचेल कार्सन यांनी त्याच टिकाऊपणाचे घातक रूप जगापुढे मांडले. आपल्याकडे कासरगोडच्या काजूबागांतील व्यथेनंतर, २०११ साली, सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. नजरेआड झालेले रसायन नाहीसे झालेले असतेच असे नाही, हे धाटावच्या कारखान्यांशेजारी, कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत, हे औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले असते. नैतिक प्रश्न उभा राहतो तो नेमका या दिवसांत. हंगामाच्या आरंभी आंब्याला चढा भाव असतो आणि पुढे तो उतरत जातो. बाग कराराने घेतलेली असेल, तर घेणाऱ्याची नजर एकाच हंगामावर असते. डोक्यावर कर्ज आणि झाडावर तयार फळ अशा अवस्थेतील माणसाला दुरून दोष देणे सोपे आहे. तसे आम्ही करू इच्छित नाही. तरीही फवारणीचा दिवस बागायतदारास ठाऊक असतो आणि गिऱ्हाइकास तो कळण्याचा मार्ग नसतो. नीतिशास्त्राच्या दृष्टीने, जिथे एकच पक्ष सत्य जाणतो, तिथे त्याचे मौनही कृतीच ठरते. चार दिवस आधी उतरवलेले फळ तोंडाने खोटे बोलत नाही. पण ते विकताना दिलेला अबोल शब्द खोटा ठरतो.

उपाय अगदीच अवघड नाहीत. फवारणीची तारीख व औषधाचे नाव वहीत लिहावे आणि विचारणाऱ्यास दाखवावे. गळलेली फळे व कोयी गोळा करून नष्ट कराव्यात. भुंगेरे पुढील मोहोरापर्यंत सालीच्या भेगांत दडून बसतात, म्हणून खोडे स्वच्छ ठेवावीत. याने फवारणीची गरज कमी होऊ शकते. मात्र एकट्याने केलेले पुरत नाही, कारण कुंपण बागेला असते, भुंगेऱ्याला नसते. गिऱ्हाइकानेही मार्चमध्येच स्वस्त, मोठे आणि डाग नसलेले फळ हवे, हा हट्ट सोडावा. संयमाचा सारा भार बागायतदारानेच का वाहावा?