एन्ट्री फुकट

पाहुणे येणार म्हटलं की मी आधी एक गूगल डॉक पाठवते. नाव 'नॅशव्हिल : चार दिवस'. टेनेसीतल्या या शहरात मला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तो डॉक चुलतभावंडं, कॉलेजचे मित्र, मित्रांचे मित्र, कुणाच्या तरी सासूबाई असा फिरत फिरत मला माहीतही नसलेल्या लोकांपर्यंत पोचलाय. कधीतरी अनोळखी नंबरवरून मेसेज येतो, "ताई, तुमच्या लिस्टमुळे ट्रिप मस्त झाली." फार बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

लिस्ट साधीच आहे. पहिल्या संध्याकाळी ब्रॉडवे. निऑनच्या पाट्या, ओळीनं बार, प्रत्येक बारमध्ये बँड, काही ठिकाणी तर मजल्यामजल्यावर वेगळा. दुसऱ्या दिवशी रायमन ऑडिटोरियम. १८९२ साली प्रार्थनागृह म्हणून उघडलेली ही इमारत. प्रेक्षक आजही चर्चमधल्यासारख्या लाकडी बाकांवरच बसतात. १९२५ साली रेडिओवर सुरू झालेला 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम १९४३ ते १९७४ इथून व्हायचा. मग हॉट चिकन. मग सेंटेनियल पार्कमधलं पार्थेनॉन, म्हणजे अथेन्सच्या देवळाची त्याच मापाची प्रतिकृती. ती इथे का आहे, हे समजून घ्यायच्या फंदात पडू नका, फोटो काढा.

ब्रॉडवेच्या पुढे मी कंसात लिहिलं होतं : एन्ट्री फुकट!!! तीन उद्गारचिन्हांसकट.

गेल्या मार्चमध्ये मामा-मामी आले. मामा नागपूरचे. नोकरी वीज मंडळात केली, पण वस्तीत त्यांना कुणी साहेब म्हटलं नाही. ते 'अकॉर्डियनवाले'. गणपती, शारदोत्सव, लग्नाची रिसेप्शनं, ऑर्केस्ट्रा असेल तिथे मामा. मला वाटलं, या शहरात त्यांच्याइतका योग्य पाहुणा मला परत मिळायचा नाही.

ब्रॉडवेवर आम्ही दुपारीच गेलो. बारमध्ये पंधराएक माणसं. स्टेजवर चौघं, आणि त्यातला पंचविशीतला एक मुलगा स्टील गिटार वाजवत होता. मामा सरळ पुढे जाऊन बसले. दोन गाणी झाल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोट्टा झकास वाजवून राहिला. याले देते किती?"

मी मला माहीत होतं ते सांगितलं. बहुतेक ठिकाणी चार-चार तासांची शिफ्ट असते. बारकडून थोडंफार मिळतं, खरी कमाई टिपांची. बादली फिरते, नाहीतर स्टेजवर क्यूआर कोड असतो. आपल्या आवडीचं गाणं हवं असेल तर वीसची नोट टाकायची.

"म्हणजे दौलतजादा," मामा म्हणाले.

"तसं नाही हो मामा."

"मग कसं?"

मला सांगता येईना. लावणीच्या बैठकीत नोट पुढे करून फर्माईश करणारा रसिक आणि इथे काउबॉय हॅट घालून आलेला टुरिस्ट यांच्यात फरक आहे नक्की, पण तो वाजवणाऱ्याच्या बाजूनं किती आहे? मामांनी खिशातून वीस डॉलर काढले, बादलीत टाकले, फर्माईश काही केली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "फुकट लिहू नको बाई. आपल्याले फुकट, म्हणजे दुसरा कोणीतरी देऊन राहिला असते."

त्या रात्री झोप येईना म्हणून मी ड्राइव्हमध्ये जुन्या फाइल्स चाळत होते. माझ्या लग्नाच्या खर्चाची शीट सापडली. हॉल, केटरर, डेकोरेशन, फोटोग्राफर, प्रत्येकापुढे आकडा, अॅडव्हान्स, बाकी. एका ओळीत लिहिलं होतं : 'संगीत : मामा (फ्री)'. अक्षरं कॉम्प्युटरची, पण टाइप मीच केलं होतं.

लिस्ट ही इतकी साधी गोष्ट, तिच्यात कसली आलीय नैतिकता, असं मला तोवर वाटायचं. पण कुणाला 'इथे जा' सांगताना आपण त्याची पावलं आणि त्याचे पैसे एका दिशेला वळवतो. जे सांगत नाही, त्याच्यावर पडदा टाकतो. माझ्या लिस्टमध्ये न सांगितलेल्या दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही न सांगण्याची कारणं अगदी वेगळी.

पहिली, ब्लूबर्ड कॅफे. एका साध्याशा दुकानांच्या रांगेत, १९८२ साली सुरू झालेलं, जेमतेम ९० माणसांचं ठिकाण. गीतकार खोलीच्या मधोमध गोल बसतात आणि आपण लिहिलेली गाणी स्वतः गातात. कुणी कुजबुजलं तर शूऽऽ करून गप्प बसवतात. 'नॅशव्हिल' ही टीव्ही मालिका आल्यापासून तिकीट मिळणं मुश्किल. मी ते लिस्टमध्ये घातलं नाही, कारण मला तिथे जागा हवी होती. 'त्या जागेची शांतता टिकावी म्हणून' वगैरे मी स्वतःला सांगायचे. खरं कारण, माझी खुर्ची.

दुसरी, जेफरसन स्ट्रीट. ती का नव्हती, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

मामांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "अन् जुने वाजवणारे कुठे राहत? काळे लोक?" मी गाडी काढली. उत्तर नॅशव्हिलमधला हा रस्ता एके काळी कृष्णवर्णीयांच्या क्लबांनी गजबजलेला होता. सैन्यातून बाहेर पडलेला जिमी हेंड्रिक्स १९६२च्या सुमारास इथल्या क्लब डेल मोरोक्कोमध्ये वाजवायचा. मग या वस्तीतून आंतरराज्य महामार्ग ४० न्यायचं ठरलं. लोक कोर्टात गेले, हरले. शेकडो घरं आणि दुकानं पाडली गेली, तो क्लबही गेला. आज तिथे पूल आहे, आणि खांबांवर त्या काळाची चित्रं.

आम्ही पुलाखाली उभे राहिलो. वरून ट्रक धडधडत होते. मामी म्हणाल्या, "अगं, एवढ्या लांबून येऊन पूल काय पाहायचा?"

मामींचं चुकलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढा प्रवास केला होता. चार दिवस मजेत घालवायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि पाहुण्याच्या ताटात आपण आपल्या मनाची टोचणी वाढत नाही. शिवाय दुसऱ्यांचं दुःख 'अवश्य पाहा' म्हणून यादीत घालायचं, तिथे पाच मिनिटं गंभीर चेहरा करायचा आणि मग जेवायला जायचं, यातही एक ओंगळपणा आहेच. आणि मी कोण? नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेली बाई. ही जखम दाखवण्याचा परवाना मला कुणी दिला?

हे सगळं मला पटत होतं. पण रायमनला जाताना यातला एकही प्रश्न मला पडत नव्हता. तिथे मी बिनधास्त गाइड व्हायचे. तिथली बाल्कनी 'कॉन्फेडरेट गॅलरी' नावानं ओळखली जायची, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या सैनिकांच्या १८९७ सालच्या मेळाव्यासाठी ती बांधली होती, हे मात्र मी गाळायचे. ऑप्रीच्या सुरुवातीच्या ताऱ्यांपैकी एक, डीफोर्ड बेली, हा कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवाला होता. दौऱ्यावर त्याच्या सोबत्यांना मिळायची ती हॉटेलं त्याला मिळायची नाहीत. १९४१ साली त्याला काढून टाकलं. पुढे त्यानं याच शहरात बूटपॉलिशचं दुकान चालवलं. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तो गेला २००५ साली, मरून २३ वर्षं झाल्यावर. हे मला माहीत होतं. सांगायची वेळ आली की, ट्रिपचा मूड जाईल, असं वाटायचं. मूड पाहुण्यांचा म्हणायचे, सांभाळत होते माझा.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, म्हणून सार्वजनिक वाचनालयात गेलो. तिथे नागरी हक्क चळवळीची एक खोली आहे. मध्यभागी गोल काउंटर, १९६० सालच्या आंदोलनाची आठवण म्हणून. त्या वर्षी १३ फेब्रुवारीला इथले कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन शांतपणे बसले. नंतरच्या दिवसांत मार खाल्ला, अटक करून घेतली, हात उचलला नाही. मे महिन्यात काउंटर सगळ्यांसाठी उघडायला लागले.

मामांनी विचारलं, "या पोट्ट्यांना शिकवलं कोणी, मार खाऊन बसून राहायचं?"

मी फोनवर शोधलं. जेम्स लॉसन. चर्चच्या तळघरात तो मुलांची तालीम घ्यायचा. काही जण शिव्या देणार, केस ओढणार, बाकीच्यांनी नुसतं बसायचं. आणि त्याच्याआधी, १९५३ ते १९५६, हा माणूस नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. तिथे राहून गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करून परतला होता.

मामा खुर्चीवर बसलेच. त्यांचं बी.कॉम. हिस्लॉपचं. मामींनी तो स्क्रीनशॉट लगेच नागपूरच्या ग्रुपवर टाकला. पूल पाहून वैतागलेल्या मामी त्या काउंटरपाशी अर्धा तास बसून राहिल्या, एकेक फोटो पाहत. नऊ वर्षांत त्या खोलीत मी एकदाही गेले नव्हते. ती खरोखरच फुकट आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात जरासा उजेड पडला. पाहुण्याला सत्य सोसणार नाही, हे आपणच आधी ठरवून टाकतो. आपण त्याला गिऱ्हाईक समजतो, ज्याला खूश करून परत पाठवायचं असतं. पण घरी आलेल्या माणसाला आपण फक्त दिवाणखाना दाखवत नाही. चार दिवस राहिला की त्याला कळतंच, नळाला पाणी कधी येतं आणि कोण कोणाशी बोलत नाही. सगळं सांगायलाच हवं असं नाही. पण त्यानं विचारलं तर दार अडवून उभं राहू नये, आणि जी मजा तो घेतोय तिचं बिल कोण भरतंय, एवढं तरी त्याला कळावं. मग त्यानं ठरवावं. मामांनी ब्रॉडवेवर तेच केलं. गाणं ऐकलं, मजा घेतली आणि पैसे ठेवले. किंमत कळली म्हणून त्यांची मजा कमी झालेली मला तरी दिसली नाही.

शेवटच्या संध्याकाळी हॉट चिकन खाल्लं. हाही पदार्थ कृष्णवर्णीय वस्तीतला, बाकी शहराला त्याचा शोध कितीतरी दशकांनी लागला. मामांनी सर्वात तिखट मागवलं, डोळे पुसले आणि "सावजीपुढे काहीच नाही" असा निकाल दिला. मी धीर करून विषय काढला. "मामा, माझ्या लग्नात तुम्ही तीन तास वाजवलंत. आम्ही तुम्हाला काहीच दिलं नाही."

ते हसले. मला वाटलं, 'घरचं लग्न, पैसे कसले' म्हणतील. मी त्यासाठी तयार होते.

"पैशाचं सोड बाई," ते म्हणाले, "पण आम्हा वाजवणाऱ्यांना शेवटच्या पंगतीत बसवलं तुम्ही. तबल्यावाला तर माझ्या शब्दावर आला होता. गुलाबजाम संपले होते."

मामींनी त्यांना टेबलाखालून पाय मारला. मला काय बोलावं ते सुचलं नाही. सॉरी म्हणाले. ते म्हणाले, बरं.

ते गेल्यावर मी डॉक उघडला. ब्लूबर्ड घातलं, 'आधी तिकीट काढा, आत गप्प बसा' या सूचनेसह. वाचनालय घातलं. जेफरसन स्ट्रीटही, फोटोसाठी थांबू नका असं लिहून. ब्रॉडवेपुढचा कंस काढला आणि लिहिलं : वीसच्या नोटा सोबत ठेवा, निदान तीन.

ती लग्नाची शीट मात्र तशीच आहे. त्या तबलजीचं नाव मला अजून माहीत नाही. मामांना विचारायचंय.