कोरडा दिवस, पाण्याचा दिवस

डेंग्यूची साथ आली की छत्रपती संभाजीनगरात महापालिकेचे आरोग्य कर्मचारी घरोघर फिरतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, साठवलेलं पाणी ओता, भांडी घासून ठेवा, असं सांगतात. सल्ला शास्त्राला धरून आहे. एडिस डासाची अंड्यापासून पंख फुटेपर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांची. त्याआधी भांडं रिकामं झालं की पैदास थांबते. पण त्याच महापालिकेच्या नळाला वर्षानुवर्षं आठ-आठ दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा पाणी आलेलं आहे. पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेली बाई भरलेला निळा ड्रम ओतून देईल कशी? ती त्यात अबेट हे अळीनाशक टाकू देते, तोंडाला जुनं लुगडं बांधते आणि अळ्या दिसल्या तर पाणी गाळून वापरते.

बंगल्याखाली झाकणबंद हौद, गच्चीवर टाकी आणि आवारात बोअर असलेल्यांना ही अडचण फारशी जाणवत नाही. गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीविना तुकडे पाडून वसलेल्या वस्त्यांतल्या, कितीतरी घरांना टँकरच. पाण्याच्या दिवशी घरातलं कोणीतरी थांबतं. वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराचा खाडा पडला की रोज बुडतो. नाहीतर मुलीची शाळा बुडते. आरोग्यातली विषमता दवाखान्याच्या कितीतरी आधी, इथे सुरू होते.

शहराला पाणी जायकवाडीहून येतं. वाटेत फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात वीज गेली की साऱ्या शहराचं वेळापत्रक पुढे सरकतं. वीज महावितरणची, नवी पाणी योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, वसाहत अधिकृत की अनधिकृत हे नगररचना ठरवणार. ताप मात्र घाटी या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येतो आणि त्याचा जाब आरोग्य खात्याला विचारला जातो. मलिक अंबरने वसवलेल्या या शहरात सतराव्या शतकात नहर, म्हणजे पाणी आणणारा भूमिगत कालवा, खेळवली गेली, तेव्हा वस्ती आणि पाणी यांचा विचार एकत्र झाला होता. असाच एकत्रित विचार आपल्या काळातही झाला आहे: फिनलंडने २००६ मध्ये युरोपीय संघाचं अध्यक्षपद भूषवताना प्रत्येक खात्याच्या धोरणात आरोग्य तपासा, असा आग्रह धरला. आपल्याकडे त्याची सुरुवात पाण्यापासून करता येईल.

शहराची १६८० कोटींची नवी पाणी योजना २७४० कोटींवर गेली. तिच्या अंतर्गत जलवाहिन्या कोणत्या वसाहतीत आधी टाकायच्या, हा क्रम माझ्या मते डेंग्यू-काविळीच्या रुग्णनोंदी आणि टँकरच्या खेपा समोर ठेवून लावायला हवा. या क्रमाच्या फाइलवर आज अभियंत्याची आणि लेखा विभागाची सही लागते. तिसरी सही आरोग्य अधिकाऱ्याची असावी, आणि तिच्याशिवाय कामाचा आदेश निघू नये.